कमाटीबागेतून कोकोच्या मळ्यात

मुलांना केरळातल्या इडुक्कीत कोकोचा मळा दाखवायचा असेल, तर आधी एक सकाळ आपल्या बडोद्याच्या कमाटीबागेत घालवा. सयाजीरावांनी १८७९ मध्ये उभारलेली ही बाग झाडं बघायला शिकवते. मी भाच्यांना एकच प्रश्न देते: फळ फांदीला की खोडाला? मग मळ्यात थेट खोडाला लगडलेला कोको बघून त्यांना फणस आठवतो.

फळ ओढू देऊ नका, कापूनच घ्या. खोडावर फळ जिथे लागतं, त्याच गाठीवर पुन्हा फुलं येतात. पांढरा आंबटगोड गर जरूर चोखा, बी कडू. चॉकलेटचा वास मात्र बिया पाच-सहा दिवस आंबवून, वाळवून, भाजल्यावरच येतो. आंबवणीचा ढीग दाखवायला सांगाच. तो आतून चांगलाच तापलेला असतो.