मॅगव्हील आणि टायरचा साइज बदलताय? या चुका टाळा

नव्या मॅगव्हीलची, म्हणजे अलॉय रिमांची, गाडी दुकानात आली की मी आधी डिक्की उघडायला सांगतो. कंपनीचे जुने नट ठेवलेत का, ते बघायचं असतं. बहुतेक वेळा उत्तर एकच येतं, "काका, ते जुन्या रिमांबरोबर एक्स्चेंजमध्ये गेले." तेवढ्यावरून बाकीचं काम कसं झालं असेल याचा अंदाज येतो.

साताऱ्यात हायवेच्या सर्व्हिस रोडला माझं अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं दुकान आहे. त्याच त्याच चुकांच्या गाड्या बघून जीव थकलाय. म्हणून स्विफ्ट धरून लिहितो, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त रिमा तिच्याच बदलल्या जातात. गाडी दुसरी असली तर आकडे बदलतील, हिशोब हाच राहील.

साइज डोळ्यांनी ठरवणं

पोरं इन्स्टाग्रामवरचा फोटो दाखवून म्हणतात, "असं दिसलं पाहिजे." टायरचा साइज असा ठरत नाही. तो वहीत गणित मांडून ठरतो, आणि ते गणित सातवीतल्या पोरालाही येतं.

स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येत आलाय. म्हणजे रुंदी १६५ मिमी, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी, आणि रिम १४ इंच, म्हणजे ३५५.६ मिमी. साइडवॉल वरही आहे आणि खालीही, म्हणून ३५५.६ अधिक दोनदा १३२. चाकाची पूर्ण उंची झाली ६१९.६ मिमी. आता वरच्या मॉडेलचा १८५/६५ आर १५ घ्या, तो भरतो ६२१.५. रिम एका इंचाने मोठी झाली, पण चाकाच्या उंचीत दोन मिमीचाच फरक. कंपनीने हे विचार करून केलंय. बलेनोच्या वरच्या मॉडेलचा १९५/५५ आर १६ मांडून बघा, ६२०.९ येतो. पुन्हा तिथंच.

आता लोकांचा लाडका २०५/६५ आर १५ मांडू. ६४७.५ मिमी, म्हणजे मूळ चाकापेक्षा साडेचार टक्के मोठा. "गाडी उंच होते, काका." किती उंच होते? फरकाच्या निम्मी, म्हणजे १४ मिमी. करंगळीच्या रुंदीएवढी उंची मिळवायला स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासणार, चार माणसं बसली की मागं मडगार्डला लागणार आणि पिकअप मंदावणार.

शिवाय मायलेजची तक्रार येणार, ती वेगळीच. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण मीटरला ते कळत नाही. प्रत्यक्षात १००० किलोमीटर झाले तर मीटरवर ९५७ च्या आसपास दिसतात. पेट्रोल तेवढंच जळलं तरी मायलेज चार टक्क्यांनी पडलेलं दिसतं, आणि माणूस इंजेक्टर साफ करून घेत फिरतो. काट्यावरचा वेगही तसाच फसवतो. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी त्याहून पुढे असू शकते.

मी दोन टक्क्यांच्या पुढं कुणालाच जाऊ देत नाही. आणि पहिला सल्ला कायम हाच देतो, की तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने जो साइज दिलाय, तो घ्या. त्यात आरटीओचा आणि विम्याचाही प्रश्न सुटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर टायरवरचा आकडा वाचतो, हे मी समोर उभं राहून पाहिलंय.

बॅलन्सिंग शून्य, तरी स्टिअरिंग थरथरतंय

गेल्या पावसाळ्याआधी कोरेगावकडचा एक पोरगा आला. स्विफ्ट, नवीन १५ इंची अलॉय, टायरही नवे. ८५ च्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं आणि १०० च्या वर गेलं की थोडं शांत व्हायचं. दोन दुकानांत तीनदा बॅलन्सिंग करून झालेलं. अलाइनमेंट दोनदा. कुणीतरी टाय रॉड एंड बदलायला लावले होते, तेही बदलून झाले. माझ्याकडे आला तेव्हा रडकुंडीला आला होता, कारण बहिणीचं लग्न तोंडावर होतं आणि घरचे म्हणत होते, चांगल्या गाडीची वाट लावलीस.

मी चारही चाकं मशीनवर चढवली. शून्य, शून्य. एक ग्रॅम वजन लावायची गरज नव्हती. मग रिम हबवर, म्हणजे चाक जिथं बसतं त्या गाडीच्या गोल भागावर, ठेवली आणि नट न लावता हाताने हलवली. ती वर-खाली नुसती हिंदकळत होती. आधीच्या दोन्ही दुकानांत हे कुणी करून बघितलं नव्हतं.

झालं असं होतं. स्विफ्टच्या हबचं मधलं नाक ५४.१ मिमीचं असतं. कंपनीच्या रिमचं भोकही तेवढंच, त्यामुळे रिम त्यावर घट्ट बसते आणि आपोआप मध्यावर येते. बाजारातली रिम सगळ्या गाड्यांना चालावी म्हणून तिचं भोक मोठं ठेवतात. याच्या रिमचं ७३.१ होतं. म्हणजे चारी बाजूंनी साडेनऊ मिमीची मोकळीक. ती भरायला मध्ये रिंग घालावी लागते, आम्ही तिला हब रिंग म्हणतो. विकणाऱ्याने ती दिलीच नव्हती. चाक मग फक्त चार नटांवर टांगलेलं. त्यातही नट आवळायची गन लावून एकामागून एक नट आवळले की रिम एका बाजूला केसभर सरकून बसते. बॅलन्सिंगच्या मशीनवर रिम मधल्या भोकात शंकूसारखा तुकडा घालून धरतात, म्हणून तिथं सगळं शून्य दिसतं. गाडीवर ती मध्यावर नसतेच. मशीन खरं बोलत होतं, चाक चुकीचं बसलं होतं.

चार रिंगा मागवल्या, बसवल्या, नट समोरासमोर आवळले आणि पोराला सोबत घेऊन लिंब खिंडीपर्यंत जाऊन आलो. ९० ला स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून चालवली त्याने. काही शे रुपयांच्या रिंगांसाठी हजारो गेले होते.

रिंग घेताना रिमच्या भोकाचं माप व्हर्नियरने मोजा, डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. प्लास्टिकच्या रिंगा सपाटीवर ठीक आहेत. पण आपल्याकडे घाट उतरताना ब्रेक तापतात, हब तापतो, आणि चेपून अंडाकृती झालेल्या रिंगा मी काढल्या आहेत. म्हणून मी ॲल्युमिनियमच्याच लावतो. त्या पावसाळ्यात गंजून हबला चिकटतात, त्यासाठी बोटावर जेवढं ग्रीस राहील तेवढंच आतून फिरवतो. ग्रीस स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या बोल्टच्या, आट्यांवर जाऊ द्यायचं नाही.

नट

भोकांचं अंतर जुळलं की रिम बसली असं लोक धरून चालतात. स्विफ्टला चार स्टड, १०० मिमीचं वर्तुळ. होंडा सिटीलाही ४ गुणिले १००. पण सुझुकीच्या स्टडचे आटे १२ गुणिले १.२५ (जाडी १२ मिमी, दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिमी) आणि होंडाचे १२ गुणिले १.५. एकाचा नट दुसऱ्यावर दोन आटे हाताने जातो, मग अडकतो, आणि गनवाला गन दाबतो. स्टड तिथंच मेला.

होंडावाल्यांना आणखी एक सांगतो. तुमच्या कंपनीच्या नटाची बैठक गोल असते. बाहेरच्या अलॉयला निमुळती लागते. गोल नट निमुळत्या खड्ड्यात कडेवरच टेकतो आणि काही दिवसांनी सैल होतो. आणि स्टेपनी कंपनीची लोखंडीच राहिली असेल तर तिच्यासाठी जुने नट डिक्कीत पिशवीत ठेवा. रात्री पंक्चर झाल्यावर नट शोधत बसायची वेळ येऊ नये.

१७ इंच

या विषयावर माझं गिऱ्हाइकांशी भांडण होतं, आणि होऊ दे.

एक ओळखीचा माणूस, चांगला कमावता. स्विफ्टला २०५/४५ आर १७ लावून आला. गणितात बसतं, उंची ६१६.३, म्हणून मला गप्प बसवू पाहत होता. मी त्याला साइडवॉल मोजून दाखवली. आधी १३२ मिमी रबर होतं, आता ९२. रिम आणि खड्डा यांच्यामधली दोन बोटं गेली. त्या टायरवर भाराचा आकडा ८४ होता, म्हणजे एका टायरला ५०० किलो, आणि कंपनीच्या टायरचा ८५ म्हणजे ५१५. फरक कमी वाटतो, पण मोठ्या रिमेचा टायर घेऊन भार पेलायची ताकद घटवायची, हे मला पटत नाही. तेव्हा तो हसून गेला.

महिनाभराने हवा भरायला आला. पुढच्या डाव्या चाकाची दर चार दिवसांनी कमी होत होती. पंक्चरवाल्याला काही सापडलं नव्हतं, व्हॉल्व्हही बदलला होता. मी म्हणालो, चाक खोलून ठेव, आतल्या कडेला साबणाचं पाणी मारून बघू. त्याला घाई होती. "काका, येतो परवा."

परवा आलाच नाही. जुलैच्या एका रात्री अकराला फोन आला. महाबळेश्वरहून केळघर घाट उतरून येताना मेढ्याच्या अलीकडे पाण्याने भरलेला खड्डा लागला. डाव्या बाजूचे पुढचे-मागचे दोन्ही टायर एकदम बसले. गाडीत बायको, आई आणि सहा वर्षांची मुलगी, बाहेर धो धो पाऊस आणि स्टेपनी एकच. मी टेम्पोत दोन जुनी १४ इंची चाकं टाकून गेलो. पोरगी आजीच्या पदरात झोपली होती, आजी जागी. मागची रिम वाकली होती, पुढची आतल्या कडेला चिरली होती. टॉर्च मारली तर चिरेचा अर्धा भाग ताज्या धातूसारखा चमकत होता आणि अर्धा काळा पडलेला होता. काळा भाग म्हणजे जुनी चीर. महिनाभर हवा तिथूनच जात होती.

म्हणून अलॉयवर हवा हळूहळू कमी होत असेल आणि टायरमध्ये खिळा सापडत नसेल, तर चाक खोला आणि रिमची आतली कड बघा. बाहेरून रिम नवीकोरी दिसते. चीर निघाली तर वेल्डिंग करून देणारे भेटतील, मी करून देत नाही. वाकलेली लोखंडी रिम सरळ करता येते, पण चिरलेली अलॉय भंगारात द्यायची.

स्विफ्टसारख्या गाडीला आपल्या रस्त्यांवर १५ इंच पुरेत. १६ ला माझी हरकत नाही. १७ मी बसवून देत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामधली चकती, लावून चाक बाहेर काढू नका. बेअरिंग लवकर आवाज करायला लागतं, आणि चिखल थेट दारावर.

रिम रुंद आणि टायर अरुंद, असं ताणून बसवू नका. कडेला रबर उरलं नाही की फुटपाथ थेट रिमला लागतो.

भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर कंपनीच्या टायरपेक्षा खाली नको. १८५/६५ आर १५ वर ८८ एच दिसलं तर ५६० किलो आणि ताशी २१० किलोमीटर.

"नवीन" टायरची तारीख वाचा. साइडवॉलवर चार आकड्यांचा शिक्का असतो, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सेलमधला टायर स्वस्त का आहे, ते तिथं कळतं.

पुढे एक साइज आणि मागे दुसरा, हे अशा गाडीला अजिबात नको. चारही चाकांचे फेरे जुळले नाहीत तर एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गोंधळतं.

हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. साइज वरच्या मॉडेलचा घेतला तर आकडाही त्याच साइजच्या ओळीतला.

आणि एक माझी सवय. चाकं बसवली की गाडी लगेच सोडत नाही. पुढची चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवतो, मागच्या सीटवर तीन माणसं बसवतो आणि मडगार्डमध्ये हात घालून बघतो. हात अडकला तर पैसे घ्यायच्या आधी चाकं उतरवतो. मग गिऱ्हाइकाला सांगतो, ८०-१०० किलोमीटर चालवून परत या. अलॉय नव्याने बसवली की नट थोडे बसतात, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) लावून ते पुन्हा आवळावे लागतात. गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो, तेवढेच, गनने नाही. त्याचे मी पैसे घेत नाही. परत येणारे मात्र फार थोडे. तुम्ही कुठूनही चाकं बसवली असली तरी या, पाना भिंतीलाच अडकवलेला असतो.