‘सविता’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे

क्यूटी (Qt) हा सी++ मध्ये प्रोग्रॅम लिहिण्यासाठीचा साधनसंच. तो शिकणाऱ्याला क्यूफाइल या क्लासने फाइल उघडणे आणि क्यूटेक्स्टस्ट्रीमने तिच्यात ओळी लिहिणे पहिल्या काही दिवसांतच जमते, म्हणून ते मी पुन्हा समजावत नाही. ‘ओपन’चे उत्तर तपासा, ते नकारार्थी आले तर एररस्ट्रिंग, म्हणजे चुकीचे कारण, वापरकर्त्याला दाखवा, आणि नुसत्या राइटओन्लीने, म्हणजे फक्त लिहिण्यासाठी, उघडलेली फाइल त्याच क्षणी रिकामी होते हे विसरू नका. मला ठेच लागली ती एन्कोडिंगपाशी, म्हणजे अक्षरे फाइलमध्ये बाइटच्या रूपात कशी मांडायची त्या पद्धतीपाशी.

एका छोट्या वाचनालयासाठी मी सभासद-नोंदणीचा प्रोग्रॅम क्यूटी ५ मध्ये लिहिला होता. माझ्या लिनक्सवर तो महिनाभर विनातक्रार चालला. वाचनालयाच्या विंडोज संगणकावर ग्रंथपालबाईंनी दिवसभर बसून नावे भरली आणि पडद्यावर ती नीट दिसलीही. मात्र दुसऱ्या दिवशी ‘सविता’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे होती. स, व, वेलांटी, त आणि काना, प्रत्येकासाठी एक. कागदी अर्ज जपून ठेवलेले होते म्हणून नावे पुन्हा भरता आली, पण बाईंचा वाया गेलेला दिवस मला आजही टोचतो.

प्रोग्रॅम चालू असताना नावे क्यूस्ट्रिंगमध्ये, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-१६ या एन्कोडिंगमध्ये असतात, त्यामुळे पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही. फाइलमध्ये उतरवताना मात्र क्यूटी ५ चा क्यूटेक्स्टस्ट्रीम, वेगळे सांगितले नसेल तर, त्या संगणकाच्या लोकेलचे (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचे) एन्कोडिंग वापरतो. माझ्या लिनक्सवर ते यूटीएफ-८ होते आणि त्यातही सगळ्या लिप्या बसतात. त्या विंडोजवर १२५२ हे पश्चिम युरोपीय कोडपेज (अक्षरांचा ठरावीक तक्ता) होते आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. न बसणाऱ्या प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह लिहिले गेले आणि प्रोग्रॅमने कसलीही चूक दाखवली नाही.

इथे एक फरक ओळखायला शिका. फाइल उघडल्यावर ‘à¤’ यांसारखी विचित्र चिन्हे दिसली, तर घाबरू नका. बहुधा मूळ बाइट शाबूत असतात आणि आपण ते चुकीच्या एन्कोडिंगने वाचत असतो. मात्र अशा वेळी ‘सेव्ह’ अजिबात करू नका. फाइलमध्येच प्रश्नचिन्हे उतरली असतील, तर नाव गेले; कोणत्याही युक्तीने ते परत येत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. क्यूटी ५ मध्ये लिहिताना आणि वाचताना, दोन्हीकडे, स्ट्रीमवर सेटकोडेकने यूटीएफ-८ ठरवून द्या. २०२० मध्ये आलेल्या क्यूटी ६ मध्ये यूटीएफ-८ मुळातच गृहीत धरलेले असते आणि सेटकोडेकची जागा सेटएन्कोडिंगने घेतली आहे. म्हणूनच जुन्या धड्यातून उचललेला कोड तिथे कंपाइल होत नाही आणि पुष्कळ जण ती ओळ सरळ खोडून मोकळे होतात. क्यूटी ६ वर ते खपते, परंतु तोच कोड क्यूटी ५ च्या प्रकल्पात गेला की सापळा पुन्हा तयार होतो. ‘चालतंय ना, मग पुढे चल’ असे सांगणाऱ्या वरिष्ठांचे या बाबतीत ऐकू नये, असे माझे ठाम मत आहे. मी ऐकले होते.

फाइल जपण्यासाठी क्यूटीचा क्यूसेव्हफाइल हा क्लासही जरूर वापरा. तो आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो आणि कमिट (लिहिलेले पक्के करण्याची शेवटची पायरी) यशस्वी झाले तरच मूळ फाइल बदलतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी जुनी नोंद वाचण्याची शक्यता खूप वाढते. एन्कोडिंगच्या चुकीपासून मात्र तो वाचवत नाही.

प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती देण्याआधी त्याच्याच संगणकावर एका फाइलमध्ये फक्त ‘सविता’ लिहा, पुढे नवी ओळही नको, आणि फाइलचा आकार पाहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून आकार १५ बाइट यायला हवा. तो ५ आला, तर नावे भरायला कोणालाही बसवू नका.