खरी आठवण लिहिताना

आठवण लिहायला घेताना संपूर्ण आयुष्य कवेत घेऊ नये. एकच प्रसंग निवडावा आणि तो कधी घडला हे आधी ठरवावे. वर्ष आठवत नसेल, तर १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ किंवा १९८२ मध्ये सुरू झालेला मुंबईतील गिरणी संप यांच्या आधी की नंतर, एवढे घरातील वडीलधाऱ्यांना विचारले, तरी बहुतेक वेळा उत्तर मिळते. शाळा सोडल्याचा दाखलाही पाहावा, मात्र त्यावरील जन्मतारखेवर फार विसंबू नये, कारण नाव घालताना १ जून ही तारीख सरसकट लिहून टाकण्याची आपल्याकडे पद्धतच होती. संवाद शब्दशः आठवत नसल्यास अवतरणचिन्हे टाळून केवळ आशय लिहावा. भावंडांना तोच प्रसंग वेगळा आठवत असेल, तर दोन्ही हकिकती शेजारी ठेवाव्यात. असा मतभेद अनेकदा मूळ प्रसंगाहून रंजक ठरतो. ज्यांची अब्रू त्यात गुंतलेली आहे, त्यांना मजकूर इतरांकडे देण्यापूर्वी वाचून दाखवावा आणि त्यांनी हरकत घेतल्यास नाव व गाव बदलून तसे सुरुवातीलाच नमूद करावे.