हलता न येणाऱ्या पेशंटला भान आहे का? आवाज आणि ईईजीवरून तपासण्याची पद्धत

‘हात दाबा’ म्हटलं आणि हात दाबला गेला नाही, तर सूचना कळलीच नसेल किंवा कळूनही हात हलत नसेल. बेडशेजारी उभं राहून हा फरक ओळखता येत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात, सांगितलेली हालचाल न करणाऱ्या २४१ पेशंटपैकी ६० जणांच्या मेंदूने फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारा स्कॅन) किंवा ईईजीत (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून टिपलेल्या मेंदूच्या विद्युतलहरींत) सूचना पाळल्याची खूण दिली. चारात एक! म्हणून ही तपासणी मनापासून आणि नीट करायला हवी. आवाज सोयीचा, कारण डोळे मिटलेले असले, नजर स्थिर नसली तरी कान उघडेच असतात.

मशीन आणण्याआधी सीआरएस-आर ही बेडशेजारी भान तपासण्याची मोजपट्टी (एकूण २३ गुण) वेगवेगळ्या वेळी किमान पाच वेळा वापरा. एकाच तपासणीवर विसंबलं तर भान असलेला पेशंट सुटू शकतो. ‘वर बघा’, ‘दोनदा पापणी मिटा’ हेही आवर्जून सांगून पाहा. मेंदूच्या खोडातल्या पॉन्स भागाला पुढून इजा झाली, की हातपाय आणि बोलणं जातं. पण नजर वरखाली करणं आणि पापणी मिटणं बहुधा शाबूत राहतं. तेवढ्यावर संवाद जमला तर ईईजीची वाट बघायची गरजच नाही. गुंगी आणणारी औषधं (मिडाझोलम, प्रोपोफॉल, बॅक्लोफेन) आणि कधी दिली ते चार्टवरून टिपा. ताप असेल, किंवा झटके न दिसता ईईजीत फिट चालू असेल, तर आधी त्याचे उपचार.

मग कान. ऑटोस्कोपने पाहा: मळ आहे का, पडद्यामागे रक्त साचलंय का? कानशिलाचं हाड मोडलेल्यांत हे वारंवार आढळतं. त्यानंतर बेरा (आवाजाला श्रवणनस आणि मेंदूचं खोड देतात त्या लहरींची चाचणी) करा: एका कानात क्लिक, दुसऱ्यात मास्किंगचा खरखराट, म्हणजे तो क्लिक त्या कानाला ऐकू येत नाही. क्लिकचा वेग सेकंदाला १० ठेवू नका, ११.१ ठेवा, १० ने ५० ला पूर्ण भाग जातो, त्यामुळे ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण सरासरीत जात नाही, उलट ठळक होते. १५०० ते २००० क्लिकची सरासरी दोनदा घ्या आणि आलेख एकावर एक ठेवून बघा. पाचवी लहर साधारण साडेपाच ते सहा मिलिसेकंदांवर येते. पहिलीच लहर नसेल तर अडचण कानात किंवा श्रवणनसेत. पहिली आहे पण पाचवी नाही, तर खोडात. अशा वेळी पुढच्या चाचण्या कोऱ्या आल्या तर त्यावरून भानाबद्दल काहीच म्हणता येत नाही. बेरा उत्तम आली म्हणून भान आहे असंही नाही. आवाज खोडापर्यंत पोचतो, एवढंच कळतं.

जोडणी

१९ इलेक्ट्रोड असतील तर उत्तम. नसतील तर एफझेड, सीझेड, पीझेड (डोक्याच्या मध्यरेषेवर पुढे, माथ्यावर आणि मागे), दोन्ही मास्टॉइड (कानामागची हाडं), नाकाचं टोक आणि एका डोळ्याच्या वर-खाली एकेक, हे तरी हवेतच. त्वचा घासून इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युतविरोध) ५ किलो-ओहमखाली आणा. सॅम्पलिंग ५०० हर्ट्झ किंवा जास्त. कवटीचा तुकडा काढलेला असेल तर त्या बाजूच्या लहरी उंच दिसतात. डाव्या-उजव्याची तुलना तिथे करू नका.

रेकॉर्डिंगमध्ये खरखर मिसळणाऱ्यांत हवेच्या गादीचा पंप हा नेहमीचा गुन्हेगार. नर्सला विचारून रेकॉर्डिंगपुरता थांबवा. व्हेंटिलेटर वा मॉनिटरचा अलार्म मात्र कधीच बंद करायचा नाही. वाजला की वेळ टिपा आणि तेवढा भाग गाळा. कानात बसणारे फोमचे इअरफोन घ्या, म्हणजे वॉर्डातला गोंगाटही अडतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो ट्रिगर, म्हणजे आवाज कधी दिला याची ईईजीवरची खूण. संगणकाने ‘आवाज दिला’ अशी खूण केली, तरी प्रत्यक्ष आवाज अनेक मिलिसेकंद उशिरा निघू शकतो. उशीर कायम सारखा असेल तर वजा करता येतो. दर वेळी वेगळा असेल तर सरासरीत लहर पसरते आणि नाहीशी होते. इअरफोनच्या तोंडाशी मायक्रोफोन धरून तोच सिग्नल ईईजीच्या जादा चॅनेलवर घ्या आणि १०० आवाजांचं अंतर मोजा. हे पेशंटकडे जाण्याआधी करायचं.

चाचण्यांची चढती पायरी

पहिली मिसमॅच निगेटिव्हिटी: एकसारख्या सुरांत मधूनच वेगळा सूर आला की मेंदूत उमटणारी ऋण लहर. १००० हर्ट्झचा ७५ मिलिसेकंदांचा सूर दर ५०० मिलिसेकंदांनी, त्यात १५ टक्के सूर ३० मिलिसेकंदांचे. दोन वेगळे सूर लागोपाठ नकोत. २०० वेगळे सूर मिळवायला साधारण ११ मिनिटं लागतात. फिल्टर ०.१ ते ३० हर्ट्झ; १०० मायक्रोव्होल्टच्या वर जाणारे तुकडे फेका. वेगळे सूर शंभरपेक्षा कमी उरले तर पुन्हा घ्या. वेगळ्यातून नेहमीचा वजा केल्यावर एफझेडला १०० ते २५० मिलिसेकंदांत ऋण लहर दिसायला हवी. नाकाचा संदर्भ वापरला असेल तर मास्टॉइडला ती उलटी होते. खरी लहर ओळखायची ही चांगली खूण. कोमातल्या पेशंटमध्ये ती दिसणं आशादायक आहे, पण ती झोपेतही येऊ शकते. तिला भानाचा पुरावा म्हणू नका.

स्वतःच्या नावाला येणाऱ्या पी३०० (लक्षवेधी आवाजानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी येणारी धन लहर) बद्दलही तेच. घरात हाक मारतात ते नाव घ्या, इतर नावं तितक्याच अक्षरांची, त्याच माणसाच्या आवाजात, एकाच बैठकीत रेकॉर्ड केलेली आणि सारख्या पट्टीची ठेवा. तरीही प्रतिसाद न देणाऱ्या काही पेशंटमध्ये ही लहर आपोआप उमटते.

त्यापुढे ‘लोकल-ग्लोबल’ (२००९), म्हणजे एकेका सुराऐवजी सुरांच्या संपूर्ण मालिकेतला बदल मेंदू टिपतो का, ही चाचणी. पाच सूर, प्रत्येकी ५० मिलिसेकंद, एकाच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत १५०. ‘ककककख’ (क हा एक सूर, ख दुसरा) ही मालिका ८० टक्के वेळा वाजवली, तर ‘ककककक’ हीच अनपेक्षित ठरते. पाचही सूर सारखे असताना उशिराची धन लहर आली, तर मेंदूने काही सेकंद नमुना धरून ठेवला होता. ही लहर वजनदार आहे, पण पूर्ण भानावर असलेल्या पेशंटमध्येही अनेकदा दिसत नाही.

खरा निर्णय सूचनेवर. तेच रेकॉर्डिंग दोन प्रकारे ऐकवा: एकदा ‘फक्त ऐका’, एकदा ‘तुमचं नाव किती वेळा आलं ते मनात मोजा’. आवाज तोच, फरक फक्त सूचनेचा. म्हणून मोजताना पी३०० वाढली तर सूचना पाळली गेली. प्रकार आलटूनपालटून घ्या, नाहीतर थकव्याचा परिणाम सूचनेच्या नावावर जमा होतो. दुसरा मार्ग: ‘उजव्या हाताची मूठ उघडझाक करत राहा’, दहा सेकंद, ‘थांबा’, दहा सेकंद, असे अनेक फेरे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूला नुकतीच इजा झालेल्या १०४ पैकी १६ पेशंटनी याला प्रतिसाद दिला. वर्षभरानंतर दिवसाचे किमान आठ तास स्वतःचं स्वतः निभावू शकणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात ४४ टक्के होतं, बाकीच्यांत १४. इथे कोपराखालच्या हातावर ईएमजी (स्नायूंची विद्युत हालचाल टिपणारी तपासणी) लावाच. स्नायूत हालचाल सापडली तर ती स्वतंत्र आणि महत्त्वाची बातमी आहे, लगेच पुन्हा तपासा. दोन सूचनांचे शब्द वेगळे असल्याने त्यांच्या उच्चाराचा काळ विश्लेषणातून वगळा.

आलेख डोळ्यांनी बघून ठरवू नका. कोणत्या तुकड्याला कोणती सूचना होती ही लेबलं हजार वेळा सरमिसळ करून तोच फरक योगायोगाने किती वेळा येतो ते मोजा, आणि चाचण्या अनेक असतील तर त्यानुसार सीमा कडक करा. शक्य असेल तर वाचणाऱ्याला पेशंटची बेडशेजारची नोंद दाखवू नका.

रिपोर्टात ‘सूचना पाळल्याचा पुरावा मिळाला’ किंवा ‘या वेळी मिळाला नाही’ एवढंच लिहा. ‘भान नाही’ असं कधीच लिहू नका. निरोगी माणसांतही या चाचण्या काही वेळा कोऱ्या येतात. कोरी आली तर दुसऱ्या दिवशी, जागेपणाच्या वेगळ्या वेळी पुन्हा घ्या. प्रत्येक वेळी पेशंटला नावाने हाक मारून काय करणार आहात ते सांगा आणि त्याच्या डोक्याशी उभं राहून त्याच्या भवितव्याची चर्चा करू नका. पुरावा मिळाला तर त्याच आठवड्यात स्पीच थेरपिस्टला बोलवा, हो-नाहीसाठी वापरता येईल अशी कुठलीही हालचाल शोधा, आणि दुखतंय का हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.