आधी पिचरचे हात मोजा, मग सामने आखा

मुलांच्या बेसबॉलची स्पर्धा भरवायची म्हटलं की पहिला फोन मैदानासाठी जातो आणि दुसरा ट्रॉफीवाल्याला. मी म्हणेन, दोन्ही थांबू देत. एक वही घ्या आणि पिचर म्हणून चेंडू टाकणार कोण, किती आणि कधी, एवढंच आधी मांडून बघा.

त्यासाठी वयोगट पक्का हवा. वय कोणत्या तारखेला मोजणार ते प्रवेशिकेवरच छापा आणि जन्मदाखले नावनोंदणीलाच बघून घ्या, कारण उपांत्य सामन्याच्या सकाळी निघालेला वयाचा वाद कुणालाच मिटवता येत नाही. लहान पिचरांचे हात जपण्यासाठी अमेरिकेत केलेल्या ‘पिच स्मार्ट’ या सूचनांनुसार ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू टाकावेत, ९-१० वर्षांच्याने ७५. २० चेंडूंपर्यंत विश्रांती लागत नाही, २१ ते ३५ झाले की एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन आणि ६६ पासून पुढे चार. म्हणजे शनिवारी २१ वा चेंडू टाकला की पोरगा रविवारी बाहेर.

आता ८ संघ घ्या. चार-चारचे दोन गट केले तर साखळीचे १२, उपांत्य २ आणि अंतिम १ असे १५ सामने होतात. अंतिम फेरी गाठणारा संघ ५ खेळतो. डबल एलिमिनेशनमध्येही, म्हणजे दोन सामने हरल्यावरच संघ बाद होतो त्या पद्धतीतही, एकूण सामने १४ किंवा १५च, पण पहिलाच सामना हरून वर चढणाऱ्या संघाला ७ खेळावे लागू शकतात. म्हणून लहान मुलांसाठी मी गटच करतो. त्यातही शनिवारी ३ आणि रविवारी २ सामने असतील, सामना ६ डावांचा असेल (एका डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात) आणि डावाला एका संघाचे १५ चेंडू धरले, तर शनिवारी २७० आणि रविवारी १८० होतात. ८५ च्या मर्यादेत बसवायचं तर शनिवारी किमान ४ पिचर लागतात आणि, भार सारखा वाटला तर, रविवारी दुसरे ३. सात नावं नसलेला संघ रविवारी दुपारी दमलेल्या हाताला ‘अजून एक डाव’ म्हणणार, हे ठरलेलं. एक तर प्रवेशिकेवर सात नावं मागा, नाहीतर स्पर्धा दोन शनिवार-रविवारांत विभागा. चौथ्या डावानंतर १० धावांची आघाडी असेल तर सामना तिथेच थांबवायचा, हा नियमही ठेवा. हरणाऱ्यांची लाज वाचते, हातही वाचतात.

चेंडू मोजायला प्रत्येक सामन्याला एक माणूस हवा आणि त्याला दुसरं काहीही काम देऊ नका. एकदा आमच्या स्कोअररकडेच माइक होता. तिसऱ्या डावात दोन डगआउटच्या (संघांच्या बसायच्या जागांच्या) आकड्यांत ११ चा फरक निघाला आणि पालक जाळीपाशी गोळा झाले. तेव्हापासून प्रत्येक अर्ध्या डावानंतर दोन्ही संघांचा आकडा जुळवून सही घेतो.

मैदान आदल्या दिवशी आखा. लिटल लीग या अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल संस्थेच्या १२ वर्षांपर्यंतच्या मापाने दोन बेसमधलं, म्हणजे धावणारा ज्या चौकोनाच्या कोपऱ्यांना शिवत पळतो त्यांतलं, अंतर १८.२९ मीटर. टेपचं टोक होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजापाशी असलेल्या पाटीच्या, मागच्या टोकावर धरा. तिथून दुसऱ्या बेसचा मध्य २५.८६ मीटरवर येतो. पहिला आणि तिसरा बेस मात्र फक्कीच्या रेषेच्या आतल्या बाजूला बसवायचे. नवखी माणसं पहिल्या-तिसऱ्या बेसमध्ये सुतळी ताणतात आणि ती होम प्लेट ते दुसरा बेस या कर्णाला जिथे छेदते तिथे पिचरचं रबर (ज्यावर पाय टेकून तो चेंडू टाकतो ती पट्टी) ठोकतात. तो छेद १२.९३ मीटरवर असतो. रबरची पुढची कड हवी १४.०२ वर, मीटरभर मागे. मोठ्या मुलांसाठी पूर्ण माप वापराल तेव्हा दोन बेसमधलं अंतर २७.४३ आणि रबरचं १८.४४ मीटर होतं.

बाकीचं पटकन सांगतो. सामन्याला दोन अंपायर, दोन्ही कान झाकणारी हेल्मेट, फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मास्कला गळ्याचं संरक्षण. बॅटवरचा मान्यतेचा शिक्का नाणेफेकीआधी बघा. बर्फ, प्रथमोपचार पेटी आणि दवाखान्याची वाट ठाऊक असलेला एक माणूस हाताशी ठेवा. गडगडाट ऐकू आला की सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा, आयोजक कितीही घायकुतीला आले तरी. गुण सारखे झाले तर आधी आपसातला सामना, मग कमी धावा देणारा संघ पुढे. धावांच्या फरकावर ठरवलं की हरलेल्यांना बदडत राहायला बक्षीस मिळतं.

आणि शनिवारी रात्री, दिवे मालवण्याआधी, सगळ्या पिचरांची यादी फलकावर लावा: नाव, आज टाकलेले चेंडू, आणि ज्याला लागू असेल त्याच्यापुढे लाल शाईत ‘उद्या नाही’.