जुन्या मारुतीचा ब्लोअर: मोटर फेकण्याआधी उघडून बघा

पौष-माघात ग्वाल्हेरची थंडी हाडात शिरते. चार माणसं गाडीत बसून दारं लावली की समोरची काच आतून पांढरी होते. आग्र्याच्या रस्त्यावर मुरैना ओलांडलं की चंबळच्या पुलापर्यंत धुकं, त्यात आतली वाफ. तेव्हा हीटर ही चैन राहत नाही, रस्ता दिसायला तो लागतोच. जुन्या गाडीचा हीटर ‘गेला’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा इंजिनाचं गरम पाणी ठीक असतं. दमलेली असते ती हवा ढकलणारी ब्लोअरची मोटर.

आमची मारुती ८०० सासऱ्यांनी १९९७ साली घेतलेली. आमचा व्यापार मेळा १९०५ पासून भरतोय. ज्या वर्षी तिथे गाड्यांवर रोड टॅक्सची सूट जाहीर होते, त्या वर्षी जिवाजीगंजातले अर्धे शेजारी ‘वहिनी, आता तरी काढा ही’ म्हणून जातात. मी शिवणकाम करते. शिलाई मशीनची मोटर आणि घरचा मिक्सर उघडायची सवय आहे, आणि ब्लोअरची मोटर त्यांच्याच कुळातली: मधे फिरणारं आर्मेचर, त्याला घासत वीज पोचवणारे दोन कार्बन, मधला दांडा (शाफ्ट) पेलणारे दोन टोकांना दोन बुश. फरक इतकाच की ही बारा व्होल्टची आहे आणि बाहेर चुंबकं आहेत.

पेचकस हातात घेण्याआधी नीट ऐका. थंड सकाळी चालू करताच ‘चीं’ असा आवाज आणि पाच मिनिटांनी आपोआप बंद, म्हणजे बुश कोरडा. टकटक किंवा खरखर, आणि वेग वाढवला की तीही वाढते, म्हणजे पंख्यात काहीतरी अडकलंय. मोटर गप्प, पण तिच्या डब्यावर बोटांनी टिचकी मारली की फिरायला लागते, म्हणजे कार्बन संपत आलेत. फ्यूज वारंवार उडतो, जळका वास येतो, म्हणजे मोटर जड फिरतेय आणि जास्त करंट ओढतेय. आणि फक्त सगळ्यात वरच्या वेगावर चालते, खालच्या वेगांवर मेलेली? मग मोटरला हात लावू नका, खालचे वेग देणारा रेझिस्टर गेलाय. तो हवेच्या वाटेतच बसवलेला असतो आणि स्वस्तात मिळतो. हवा जोरात येते पण थंडच येते, तरीही मोटरचा दोष नाही; हीटरची केबल किंवा पाण्याचा व्हॉल्व बघा. काचेवर तेलकट थर आणि गोडसर वास असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत गळतोय. ते काम मिस्त्रीचं.

मोटर अगदीच गप्प असेल तर आधी फ्यूज, मग मोटरचा प्लग काढून त्यावर मल्टिमीटर. स्विच वरच्या वेगावर ठेवून तिथे बारा व्होल्टच्या आसपास आले तर वायरिंग ठीक आहे, दोष मोटरमध्ये. हा प्लगही निरखून बघा. झिजलेली मोटर वर्षानुवर्षं जादा करंट ओढत असेल तर प्लास्टिक पिवळं-तपकिरी होऊन वितळलेलं दिसतं. तसा प्लग पुन्हा लावला तर नवी मोटरही टिकणार नाही.

आता काढायची. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. डाव्या सीटपुढचा कप्पा काढला की डॅशबोर्डखाली मोटरचा गोल बुडखा दिसतो. प्लग सोडा, तीन स्क्रू काढा आणि एका हाताने आधार देत मोटर पंख्यासकट खाली उतरवा. बाजूला एक छोटी रबरी नळी असली तर तिची जागा लक्षात ठेवा. मोटरला थंड करणारी हवा तिच्यातूनच जाते. ती परत लावायची राहिली तर केलेलं सगळं काम वर्षभरात वाया.

पंखा हाती आला की आमच्याकडे हटकून कडुनिंबाच्या काड्या निघतात. फाल्गुनात वाड्यासमोरचा निंब झडतो, पानं वायपरखालच्या फटींतून आत जातात, आणि या गाड्यांत केबिन फिल्टर नावाची वस्तूच नाही. उंदराने कापूस आणून ठेवलेलाही बघितलाय. पंखा ब्रशने साफ करा, पण त्याच्या पात्यांवर एखादी बारीक पत्र्याची चाप दिसली तर ती कचरा समजून काढू नका. ती कारखान्यात तोल साधायला लावलेली असते. काढलीत तर मोटर कितीही छान केली तरी डॅशबोर्ड थरथरणार.

पंखा शाफ्टवरून काढायला जोर लावायचा नाही. कुठे नट असतो, कुठे स्प्रिंगची चाप. नट उलट्या आट्यांचाही असू शकतो, म्हणून दोन्ही दिशांना हलकेच बघा.

मोटरचा डबा उघडण्याआधी मार्करने झाकणावरून डब्यावर जाणारी एक सरळ रेघ ओढा. ही पायरी टाळू नका. डबा अर्धा फेरा फिरून बसला तर चुंबकांची जागा बदलते आणि मोटर उलटी फिरते. मग झाकण धरून ठेवणारे पत्र्याचे कान हळूहळू उचला. पुन्हापुन्हा वाकवले तर तुटतात. आर्मेचर बाहेर ओढताना चुंबकं त्याला मागे खेचतील. शाफ्टवरच्या छोट्या चकत्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने दोऱ्यात ओवून ठेवा.

बुश म्हणजे पितळेसारखी दिसणारी ती बारीक नळी. धातूची भुकटी दाबून केलेली असते, म्हणून तिच्या अंगात बारीक छिद्रं असतात आणि त्यांत तेल मुरलेलं असतं. वर्षांनी ते सुकतं आणि शाफ्ट कोरडा घासतो. इथे लोक गंज सोडवायचा स्प्रे मारतात. दोन दिवस आवाज बंद होतो, कारण स्प्रे ओला असतो. तो उडाला की उरलंसुरलं जुनं तेलही घेऊन जातो. शिलाई मशीनचं तेल माझ्या टेबलावर कायम असतं, तरी इथे ते वापरत नाही. पातळ आहे, मोटर गरम झाली की पाझरून जातं. वीस किंवा तीस नंबरचं साधं तेल घ्या. बुश असलेलं झाकण वेगळं निघत असेल तर बुशभोवती जुनी घाण पुसून तेल थोडं कोमट करा आणि थेंब थेंब सोडत राहा. बारकाईने बघितलंत तर बुशच्या अंगावर बारीक बुडबुडे फुटताना दिसतात. छिद्रांतली हवा बाहेर पडते आणि तिच्या जागी तेल जातं. बुडबुडे थांबेपर्यंत घाई करायची नाही. मी रात्रभर ठेवते. बुशमागे नमद्याची चकती असेल तर तीही भिजवा, पण वरून थबथबलेलं तेल पुसून काढा. तेल कार्बनपर्यंत पोचलं तर त्याचा काळा चिखल होतो.

शाफ्ट बुशमध्ये घालून आडवा हलवून बघा. जाणवेल इतका खुळखुळत असेल तर बुश अंडाकृती झालाय. त्याला तेलाने काही होत नाही.

आता कॉम्युटेटर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांचं कडं. चॉकलेटी रंगाचं आणि गुळगुळीत असेल तर फक्त फडक्याने पुसा. काळं, खरबरीत असेल तर सहाशे नंबरच्या रेगमालाची पट्टी गुंडाळून आर्मेचर गोल फिरवा. लोखंड घासायचा काळा एमरी कापड नको, त्याचे कण फटीत बसून दोन पट्ट्या जोडू शकतात. मग सुईने एकेक फट साफ करा. मल्टिमीटर घेऊन शेजारच्या पट्ट्यांच्या जोड्यांचा अवरोध तपासा: सगळ्या सारख्याच आल्या पाहिजेत, आणि कुठलीही पट्टी शाफ्टशी जोडलेली दाखवता कामा नये. एखादी जोडी वेगळी आली तर वाइंडिंग, म्हणजे आर्मेचरवरची तारेची वेटोळी, गेलंय. तिथे थांबा, नवी मोटर घ्या.

कार्बन मूळ लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी उरला असेल तर बदलायचा. जुना तुकडा घेऊन वाइंडिंगच्या दुकानात जा. तिथे हमखास उत्तर मिळतं, ‘भाभीजी, मिक्सर वाला घिस के डाल दो, चल जाएगा.’ चालतो, पण कसाबसा. मिक्सरचा कार्बन २३० व्होल्टसाठी असतो, त्यात अवरोध जास्त. बारा व्होल्टमधले जे थोडे व्होल्ट तो स्वतःच खातो, त्यांनी मोटर मंद फिरते आणि कार्बन तापतो. बारा व्होल्टच्या मोटरला तांबं मिसळलेला कार्बन हवा. ओळखायला सोपा आहे: घासलेल्या बाजूला उजेडात धरला की तांबूस चमक दिसते. गाडीच्या छोट्या मोटरचा कार्बन मागा, जाडी-रुंदी जुळवा, लांबी थोडी जास्त असली तर घासून घेता येते. डाग देताना कथील विणलेल्या तारेवर फार वर चढू देऊ नका, नाहीतर तार काडीसारखी ताठ होते आणि कार्बन आपल्या घरात अडकतो. कार्बन घरात बोटाने ढकलून सोडला की स्प्रिंगने लगेच पुढे आला पाहिजे.

जोडताना मुख्य अडचण एकच: स्प्रिंग कार्बनला पुढे ढकलते आणि कॉम्युटेटर आत शिरत नाही. मी कार्बनभोवती जाड दोऱ्याचा फास घालून तो मागे ओढून धरते आणि दोऱ्याची टोकं झाकणाच्या भोकातून बाहेर काढते. आर्मेचर बसलं की दोरा ओढून घ्यायचा. चकत्या क्रमाने, रेघेला रेघ, मग कान दाबायचे. शाफ्ट दोन बोटांनी फिरवून बघा. मऊ फिरला पाहिजे. अडत असेल तर झाकणाला लाकडी दांड्याने बाजूने हलकी थाप द्या, बुश सरळ रेषेत येतो.

गाडीत लावण्याआधी मोटर फडक्यात घट्ट धरून पंधरा अँपिअरचा फ्यूज घातलेल्या तारेने बॅटरीवर चालवा. पदर खोचलेला असू द्या. दिशाही आत्ताच तपासा, कारण असा पिंजऱ्यासारखा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून येते, फक्त जोर नसतो. माणूस मग आठवडाभर फ्लॅप आणि नळ्या तपासत बसतो. गाडीत लावल्यावर पहिला अर्धा तास खालच्या वेगावर चालू ठेवा, म्हणजे नवे कार्बन कॉम्युटेटरच्या गोलाईला घासून बसतील. या काळात थोडा वास येतो, घाबरू नका. धूर आला तर मात्र बंद करा.

निंबाखाली गाडी लावणं बंद होणार नसेल तर वायपरखालच्या फटींमागे नायलॉनची जाळी बसवून घ्या. डासांची बारीक जाळी नको, ती धुळीने भरून हवाच अडवते. कांद्याच्या पिशवीएवढी भोकं पुरतात.