आधी बूड मोजा: जुन्या पिस्तुलाचं कॅलिबर वाढलं की काय काय हलतं, ते पुठ्ठ्यावर बघायची रीत

मशीन ड्रॉइंग शिकवताना मी दरवर्षी पोरांना एक प्रश्न घालायचे. यंत्रातलं एकच माप बदललं, तर बाकीची किती मापं बदलावी लागतील? पंप, लेथ, शिवणयंत्र, सगळ्यांवर हा प्रश्न वापरून पाहिला. पण त्याचं उत्तर जुन्या पिस्तुलांच्या इतिहासात जितकं लख्ख दिसतं, तितकं मला कुठेच दिसलं नाही. तिथे कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, वाढवायची ठरली की बदल सुरू होतो तो फक्त काडतुसापासून.

आलेखाचा कागद, जाड पुठ्ठा, कंपास, कात्री आणि एक मोकळी संध्याकाळ एवढं हाताशी ठेवा. हे सगळं कागदावरच करायचं आहे. खऱ्या शस्त्रात विनापरवाना फेरफार करणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. नळीचं भोक मोठं केलं की कॅलिबर वाढलं, हा समज किती जिवावरचा आहे, तेही पुढे कळेल.

पहिलं काम म्हणजे काडतुसं शेजारीशेजारी उभी काढणं. प्रमाण चारास एक घ्या. गोळीची जाडी तूर्त विसरा आणि पुंगळीचं (दारू भरलेल्या धातूच्या नळीचं) बूड, म्हणजे तळाचा व्यास, आणि काडतुसाची एकूण लांबी, ही दोनच मापं घ्या. ९ मिमी पॅराबेलमचं बूड ९.९३ मिमी आणि लांबी २९.६९ मिमी. पॉइंट ४० (म्हणजे ०.४० इंची) स्मिथ अँड वेसनचं बूड १०.७७ आणि लांबी २८.८. पॉइंट ४५ एसीपीचं बूड १२.१ आणि लांबी ३२.४. नाव गोळीवरून पडतं, पण पिस्तुलाच्या पोटात जागा अडवते ती पुंगळी. म्हणून बूड आधी.

आता याच कागदावर पिस्तूल रचणाऱ्या गेऑर्ग लुगरची युक्ती काढून बघा. त्याचं पिस्तूल १९०० मध्ये स्विस सैन्याने घेतलं ते ७.६५ मिमीचं. त्याची पुंगळी बाटलीसारखी, मानेला निमुळती. मोठी गोळी हवी अशी मागणी आली तेव्हा, १९०२ च्या सुमारास, लुगरने ती मान मोकळी केली आणि ९ मिमीची गोळी बसवली. बूड जवळपास तेच, एकूण लांबीही जवळपास तीच. त्यामुळे मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) तेच राहिलं, कोपरासारखी वर उचलली जाणारी कडी तीच राहिली, आणि मुख्य बदल नळीपुरता उरला. १९०४ मध्ये जर्मन नौदलाने आणि १९०८ मध्ये भूदलाने हे पिस्तूल घेतलं. कॅलिबर वाढवण्याचा इतका नेटका दाखला मला दुसरा माहीत नाही. दोन्ही पुंगळ्या एकमेकींवर ट्रेस करून बघा, बुडाशी रेषा जुळतात आणि फक्त खांद्यापाशी फाकतात. वर्गात ही ट्रेसिंग खिडकीच्या काचेवर धरली की मागच्या बाकावरचीही पोरं उठून पुढे यायची.

त्याच लुगरला १९०७ च्या अमेरिकन चाचण्यांसाठी पॉइंट ४५ करायची वेळ आली तेव्हा ही युक्ती चालली नाही. बूड दोन मिलिमीटरहून जास्त वाढलं, लांबी पावणेतीनने. मोजकीच पिस्तुलं बनली, आणि त्यांचा सांगाडा मोठा करावा लागला, मुठीचा कोनही बदलला. अमेरिकेने शेवटी १९११ मध्ये जॉन ब्राउनिंगने रचलेलं कोल्ट पिस्तूल निवडलं.

इथे मी स्वतः केलेली चूक सांगते, कारण ती प्रत्येक जण करतो. पहिल्या वर्षी मी फळ्यावर पॉइंट ४५ आणि ९ मिमीच्या बुडांचं गुणोत्तर काढलं, साधारण १.२२, आणि सगळं चित्र तेवढ्या पटीने फुगवलं. मूठ पुढून मागे ५० मिमी धरली होती, ती ६१ झाली. एका मुलीने उठून विचारलं, ‘मॅडम, हात पण मोठा करायचा का?’ तिचं बरोबर होतं. माणसाचा पंजा ठरलेला आहे. मुठीची खोली काडतुसाच्या लांबीतल्या वाढीइतकीच वाढते, म्हणजे पावणेतीन मिमीने, बुडाच्या पटीने नाही. तेव्हापासून मी चित्रात आधी हात काढते, मग पिस्तूल.

दुसरं काम पुठ्ठ्याचं. एका पट्टीवर ७५ मिमी रुंद आणि २८० मिमी उंच चौकट आखा. ही कुठल्याही खऱ्या मॅगझिनची प्रत नाही, सरावासाठी मीच ठरवलेली आहे. ४० मिमी व्यासाच्या चकत्या कापा, म्हणजे चौपट मोठं ९ मिमी काडतूस. त्या दोन ओळींत, एक डावीकडे एक उजवीकडे, तिरक्या रचत जा. बरोब्बर १३ बसतात. आता त्याच चौकटीत ४३ मिमीच्या चकत्या रचा, पॉइंट ४० साठी. व्यास फक्त ३ मिमीने वाढला, पण बसतात ९. मग ४८ मिमीच्या, पॉइंट ४५ साठी. ६ बसतात आणि वर थोडी जागा वाया जाते. १३, ९, ६. चकतीची रुंदी वाढली की चकत्या एकमेकींच्या खाचेत शिरायच्या थांबतात आणि जवळजवळ एकावर एक उभ्या राहतात, म्हणून आकडा असा कोसळतो. हे गणिताने सांगून पटत नाही, चकत्या हातात घेतल्या की पटतं.

१३ हा आकडा मी मुद्दाम घेतला. ब्राउनिंग हाय पॉवर या ९ मिमीच्या पिस्तुलाचं मॅगझिन १३ काडतुसांचं. जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममध्ये गेला आणि द्युदोने सेव्हने ते पिस्तूल पूर्ण केलं, १९३५ मध्ये. आपल्या सैन्याचं ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारं ९ एमएम वन-ए हे त्याच घराण्यातलं.

या हाय पॉवरला पॉइंट ४० मध्ये आणलं १९९० च्या दशकात. लांबी अडली नाही, कारण पॉइंट ४० मुळात ९ मिमीच्या सांगाड्यात मावावं म्हणूनच आखूड ठेवलेलं आहे. अडला तो जोर.

तो समजायला तिसरं काम करा, आता नुसती आकडेमोड. दोन्ही काडतुसांची कमाल दाबाची मर्यादा एकच आहे, चौरस इंचाला ३५,००० पौंड. पण दाब बुडाच्या क्षेत्रफळावर पडतो. १०.७७ ला ९.९३ ने भागा आणि वर्ग करा. सुमारे १.१८ येतं. म्हणजे बुडाला टेकलेल्या मागच्या भिंतीला, ब्रीचला, बसणारा धक्का अठरा टक्क्यांच्या आसपास वाढला. मग गोळीचं वजन आणि वेग गुणा, तो झटका. ९ मिमीची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर, पॉइंट ४० ची ११.७ ग्रॅमची ३०० मीटर. २,८०० आणि ३,५१०, पाव पटीने जास्त. हा सगळा जादा झटका स्लाइडला (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाला) मागे फेकतो. म्हणून कारखान्याने स्लाइड जड केली, स्प्रिंग कडक केली, सांगाडा बदलला आणि नळीला स्लाइडशी अडकवणारे दाते दोनाचे तीन केले.

पॉइंट ४५ ला हीच आकडेमोड लावली की एक उलटी गोष्ट दिसते. त्याच्या दाबाची मर्यादा फक्त २१,००० आहे. बूड मोठं असूनही मागच्या भिंतीवरचा धक्का ९ मिमीपेक्षा कमी येतो. पण १४.९ ग्रॅम गुणिले २५३ केलंत तर ३,७७० येतात, म्हणजे स्लाइडचा झटका मात्र सगळ्यात मोठा. पोरं इथे हमखास अडकतात. दाब आणि झटका या वेगळ्या गोष्टी आहेत, दोन वेगळ्या रकान्यांत लिहा.

शेवटी एका कागदावर पिस्तुलाची बाह्यरेषा काढा आणि बदलणाऱ्या प्रत्येक भागाला रंग द्या. बुडामुळे बदलतं ते लाल: ब्रीचचा चेहरा, मॅगझिनची रुंदी. लांबीमुळे बदलतं ते निळं: मुठीची खोली, पुंगळी बाहेर पडायची खिडकी. झटक्यामुळे बदलतं ते हिरवं: स्लाइड, स्प्रिंग, दाते, सांगाडा. ९ मिमी लुगरच्या कागदावर नळी सोडून जवळपास काहीच रंगत नाही. पॉइंट ४० हाय पॉवरचा कागद लाल-हिरवा होतो, निळा कोरा राहतो. पॉइंट ४५ लुगरच्या कागदावर तिन्ही रंग लागतात. तिन्ही कागद भिंतीवर शेजारीशेजारी चिकटवा आणि खाली वर्ष लिहा.